मिठातलं आयोडीन आणि एक पिवळी बाटली: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

काल आषाढी झाली. घरात उपवासाच्या शेंदेलोणाची अर्धी पुडी उरली आणि तिच्यावरून विषय सुटला. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) प्रोजेक्टला मॅडमनी आज होकार दिला: घरोघरच्या मिठात आयोडीन किती, आणि कोकणच्या पावसाळ्यात ते किती टिकतं. मी आणि पार्टनर, दोघीच. तिसरा मुलगा 'पाण्याचा पीएच' घेऊन सुखी आहे.

पद्धत जुनी, सगळीकडे चालणारी. आपल्याकडच्या मिठात आयोडीन घालतात ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात. मीठ पाण्यात विरघळवायचं, थोडं आम्ल, मग पोटॅशियम आयोडाइड. (आयोडेटमध्ये आयोडीनला ऑक्सिजन जोडलेला असतो, आयोडाइडमध्ये नसतो.) आम्लात आयोडेटचा एक आयन आयोडाइडच्या पाच आयनांना भिडतो आणि आयोडीनचे तीन रेणू मोकळे होतात. ते हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, मोजायचे. गंमत अशी की मिठातला आयोडीनचा एक अणू फ्लास्कमध्ये सहा होऊन समोर येतो. दहा ग्रॅम मिठात तिनेकशे मायक्रोग्रॅम आयोडीन, ते ब्युरेटवर (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या नळीवर) दिसतं ते या सहापटीमुळे. म्हणजे प्रोजेक्ट मिठाचा असला तरी काम सगळं आयोडाइडच्या जिवावर.

ते आयोडाइड मामांच्या, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटच्या, कपाटात कुलूपबंद. महाग आहे. आयोडीन मुख्यतः चिली आणि जपानहून येतं, त्यामुळे मामा ते केशरासारखं मोजून देतात. तपकिरी काचेची बाटली, आत खडे झालेले, रंग फिकट पिवळा. 'असंच असतं ते,' मामा म्हणाले. मीही तसंच लिहून घेतलं. (ही ओळ मुद्दाम खोडत नाही.)

दहा ग्रॅम आयोडाइड तोलून १०० मिलीचं द्रावण केलं. विरघळताना बीकर हाताला गार लागला. थर्मामीटर घातला तर २८ वरून २५ अंश. हे मीठ विरघळताना उष्णता ओढून घेतं, हे पुस्तकात वाचलं होतं. तळहाताला आज कळलं. विरघळतंही हावरटासारखं: २० अंशाला १०० मिली पाण्यात सुमारे १४० ग्रॅम. आपलं खायचं मीठ तेवढ्याच पाण्यात ३६ ग्रॅमवर थांबतं.

९ जुलै

हायपोचं द्रावण केलं. लिटरला १.२४ ग्रॅम, म्हणजे ०.००५ मोलर. पाणी आधी उकळून गार केलेलं, त्यात चिमूटभर सोडियम कार्बोनेट, नाहीतर जिवाणू आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मिळून हायपो खातात.

स्टार्च ताजा उकळला. आयोडीन असेपर्यंत तो निळा, संपलं की रंग जातो. मामांनी सुचवलं की स्टार्चची बाटली कशाला, घरून पेज आणा. उद्या आणते.

१० जुलै

उकड्या तांदळाची पेज डब्यातून आणली. आयोडीनच्या थेंबाला रंग आला, पण जांभळट, मळका. स्टार्चच्या द्रावणाचा तो शाईसारखा निळा नाही. निळा रंग स्टार्चमधल्या अमायलोजमुळे येतो, अमायलोपेक्टिन लालसर-जांभळा देतं, आणि पेजेत दोन्हींची खिचडी. एंड पॉइंटला, म्हणजे आयोडीन नेमकं संपलं ते ओळखायला, हा रंग चालणार नाही. पेज मामांनी प्यायली. म्हणजे ज्यात आयोडीन टाकलं नव्हतं ती, डब्यातली, आणि लॅबबाहेर कट्ट्यावर बसून. लॅबमध्ये खाणंपिणं बंद आहे, हे इथे लिहायलाच हवं.

११ जुलै

पहिली टायट्रेशन (हायपो थेंबाथेंबाने सोडून आयोडीन मोजणं). १० ग्रॅम मीठ, ५० मिली पाणी, १ मिली पातळ सल्फ्युरिक आम्ल, ५ मिली आयोडाइड. बूच लावून दहा मिनिटं अंधाऱ्या कपाटात. मग हायपो, पिवळा रंग फिकट गवती होईपर्यंत. त्यानंतरच स्टार्च. स्टार्च घाईने आधी घातला तर आयोडीन त्यात अडकून बसतं आणि निळा रंग सुटता सुटत नाही. निळा गेला की रीडिंग. रीडिंगला १०.५८ ने गुणलं की पीपीएम, म्हणजे किलोभर मिठात किती मिलिग्रॅम आयोडीन ते.

पाकिटाचं मीठ: ३.९५ मिली, ४१.८ पीपीएम.
खडे मीठ (आजीच्या सटातलं, पेणच्या बाजूच्या मिठागराचं): ०.९० मिली, ९.५ पीपीएम.
शेंदेलोण: ०.८५ मिली, ९.० पीपीएम.

आम्ही दोघी उड्याच मारायच्या बाकी होतो. आगरातल्या साध्या मिठातसुद्धा आयोडीन! पार्टनरने लगेच सिद्धांत मांडला: समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतंच, ते मिठात उतरलं. मॅडमनी वही पाहिली आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक: समुद्राच्या लिटरभर पाण्यात आयोडीन असतं साठेक मायक्रोग्रॅम आणि क्षार ३५ ग्रॅम. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी दोन पीपीएमच्या आतच बसतं. दोन: 'आता नुसतं डिस्टिल्ड वॉटर टायट्रेट करा आणि त्यात आयोडीन किती निघतं ते सांगा.'

१४ जुलै

डिस्टिल्ड वॉटरमध्ये ९ पीपीएम आयोडीन निघालं.

०.८५ मिली, तिन्ही वेळा. आयोडीन ना मिठात होतं, ना पाण्यात. ते आमच्याच आयोडाइडच्या बाटलीतून येत होतं. शुक्रवारचे सगळे आकडे या ०.८५ वर उभे होते.

मग बाटलीचीच उलटतपासणी. आम्ल न घालता नुसतं द्रावण आणि स्टार्च: लगेच निळसर, ०.२५ मिली हायपोने गेला. म्हणजे मोकळं आयोडीन बाटलीत आधीपासून होतं, पिवळेपणा त्याचाच. आम्ल घातल्यावर आकडा ०.८५. वरचे ०.६० कुठून? मॅडम म्हणाल्या, जुन्या आयोडाइडमध्ये थोडं आयोडेटही असू शकतं. ते आम्ल मिळेपर्यंत गप्प बसतं आणि आम्ल दिसलं की मिठातल्या आयोडेटसारखंच वागतं. शिवाय आम्लात हवेतला ऑक्सिजनही आयोडाइडला छळतो. चांगल्या प्रतीच्या आयोडाइडची आयोडेटसाठी तपासणी करतात ती याच चालीने: आम्ल, स्टार्च, आणि रंग येतो का ते पाहणं.

शुद्ध पोटॅशियम आयोडाइड पांढरं असतं, साखरेसारखं. दमट हवेत झाकण सैल राहिलं की ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून त्यातलं थोडं आयोडीन बाहेर काढतात, मागे पोटॅशियम कार्बोनेट राहतं. उजेड या कामाला मदत करतो, म्हणून तपकिरी काच. आमच्या बाटलीवर उघडल्याची तारीख नाही. किती पावसाळे पाहिलेत तिने, कोण जाणे.

मामांकडे तोडगा होता: 'एक थेंब हायपो टाक, पिवळा जाईल.' गेलाही. द्रावण स्वच्छ झालं. पण मोजणीला ते निरुपयोगी. थेंब जास्त पडला तर उरलेला हायपो नमुन्यातलं आयोडीन खाणार आणि आकडा खाली येणार. शिवाय आयोडेट तसंच राहणार. दिसायला शुद्ध आणि मोजायला खोटं, हे पिवळ्यापेक्षा वाईट. पिवळं निदान ओरडून सांगतं.

नवी बाटली मागवली.

२१ जुलै

आली. २५ ग्रॅमची, मामांनी सही घेऊन दिली. आत शुभ्र, मोकळे दाणे. ब्लँक (मिठाशिवाय, नुसत्या पाण्याची टायट्रेशन): ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब. हायसं वाटलं.

बाटलीवर एक चिन्ह आहे, माणसाची आकृती आणि छातीवर तारा फुटल्यासारखं. सेफ्टी शीट काढून वाचलं. पोटॅशियम आयोडाइड हे सायनाइडच्या पंगतीतलं विष नव्हे, औषध म्हणूनही देतात. इशारा आहे तो दीर्घकाळ, वारंवार पोटात जाण्याबद्दल, आणि अवयव म्हणून नाव एकच: थायरॉइड. जास्त आयोडीनने ही ग्रंथी मंदावूही शकते आणि बिथरूही शकते. फार दिवस जास्त घेतलं तर तोंडाला धातूची चव, नाक वाहणं, अंगावर पुरळ. डोळ्यात गेलं तर चुरचुरतं.

पार्टनर सकाळी रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी घेते. तिने मॅडमना सरळ विचारलं, मी तोलू का? मॅडम म्हणाल्या, ग्लव्हज घालून चार ग्रॅम तोलल्याने काही होणार नाही, पण भुकटी उडते, तू ब्युरेट सांभाळ, तोलणं हिला दे. तेव्हापासून तोलणं माझ्याकडे.

खरा धोका विषाचा नाही, शेजाऱ्यांचा. मामांनी पूर्वीचा किस्सा सांगितला. कुणीतरी हायड्रोजन आयोडाइड करायला म्हणून आयोडाइडवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतलं. सोडियम क्लोराइडवर ओतलं की हायड्रोजन क्लोराइड मिळतो ना, तसं वाटलं असणार. पण आयोडाइड आम्लालाच क्षपित करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन मोडतं. जांभळी वाफ, सल्फर डायऑक्साइडचा झोंबणारा वास, वर कुजक्या अंड्याचा, आणि सगळा वर्ग व्हरांड्यात. हायड्रोजन आयोडाइडसाठी फॉस्फोरिक आम्ल लागतं. आयोडीनचा शोधही असाच लागला हे मात्र मामांना ठाऊक नव्हतं: १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वाने समुद्री वनस्पतींच्या राखेवर सल्फ्युरिक आम्ल जरा जास्तच ओतलं आणि जांभळी वाफ निघाली. मामांना फार आनंद झाला. 'म्हणजे आपल्याकडचा पोरगा दोनशे वर्षं उशिरा आला.'

ब्लीचिंग पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्याशेजारी ही बाटली ठेवायची नाही. कपाटातली जागा बदलली.

२२ जुलै

हायपो स्टँडर्डाइज केला, म्हणजे त्याची नेमकी ताकद तपासली. पोटॅशियम आयोडेट ०.५३५ ग्रॅम २५० मिलीत, मग ते दहापट पातळ. त्यातले ५ मिली, आम्ल, आयोडाइड. हिशेबाने ६.०० मिली हायपो लागायला हवा, लागला ६.१० (ब्लँक वजा करून). म्हणजे आमचा हायपो ०.००४९२ मोलर, आणि १०.५८ ऐवजी १०.४० ने गुणायचं.

पाकिटाचं मीठ आता: ३.०५ वजा ०.०५, ३१.२ पीपीएम.
खडे मीठ: ब्लँकइतकंच. शून्य.
शेंदेलोण: शून्य.

नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान १५ पीपीएम हवं. हा आकडा हवेतून आलेला नाही: मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, ते १५ पीपीएमच्या दहा ग्रॅम मिठातून मिळतं. पाकीट दुप्पट देतंय. आजीचं खडे मीठ काहीच देत नाही, पण दुकानदारालाही दोष देता येत नाही. तो ते मासे खारवायला म्हणून विकतो. ते आमच्या आमटीत जातं ही आमची करणी.

त्याच पाकिटातून साठवणीचे तीन नमुने आज लावले, प्रत्येकी ५०० ग्रॅम. अ: घट्ट झाकणाचा डबा, कपाटात. ब: स्टीलचं उघडं भांडं, ओट्यावर गॅसच्या बाजूला. क: चिनी मातीची बरणी, झाकण नाही, खिडकीपाशी, रोज त्यातून ओल्या चमच्याने ढवळायचं. क हा थेट आमच्या घराचा नमुना आहे.

२४ जुलै

आठवड्यात पहिल्यांदा ऊन पडलं, ते वाया घालवलं नाही. एकाच मिठाचे तीन फ्लास्क, सगळ्यांत आम्ल आणि आयोडाइड. एक कपाटात दहा मिनिटं, दुसरा खिडकीत उन्हात दहा मिनिटं, तिसरा खिडकीत तासभर.

कपाट: ३.०५. खिडकी, दहा मिनिटं: ३.३०. खिडकी, तास: ४.७०.

उन्हात ठेवलेल्या फ्लास्कचा रंग पाहता पाहता गडद होतो. मीठ तेच, आयोडेट तेवढंच, पण आम्लात भिजलेल्या आयोडाइडला हवा आणि ऊन मिळून फोडत राहतात. कितीही वेळ थांबा, आकडा वाढतच जाणार. आयोडीनयुक्त मिठाच्या पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं. त्या सूर्याला आमच्या प्रयोगात प्रवेश नाही.

५ ऑगस्ट

नमुने मुरत आहेत, आपलं काम नाही. तरी लॅबमध्ये बसले होते तर दिवसभरात नव्या बाटलीला चार गिऱ्हाइकं आली. मामांचा चेहरा पाहण्यासारखा.

बॉटनीवाले पहिले. त्यांना पानातला स्टार्च दाखवायला आयोडीनचं द्रावण हवं. नुसतं आयोडीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लिटरला ग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. आयोडाइड घातलं की दोघं मिळून तीन अणूंचा आयन होतो आणि सगळं तपकिरी होऊन विरघळतं. लुगॉल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२९ साली हेच मिश्रण काढलं, पाच टक्के आयोडीन आणि दहा टक्के आयोडाइड. शेजारच्या फार्मसीवाल्यांना मेयरचा अभिकर्मक करायचा होता, वनस्पतीतली अल्कलॉइड शोधायला. त्यात मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पारा, म्हणजे मॅडमची सही. ते आयोडाइड घेऊन गेले आणि सहीसाठी परत आले. एक गट खाडीच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजतोय विंकलरच्या पद्धतीने. त्यांनाही अल्कलीतलं आयोडाइड. तत्त्व आमचंच: जे मोजायचं त्याच्याकडून आयोडीन सोडवायचं आणि आयोडीन मोजायचं.

चौथे एफवायचे (पहिल्या वर्षाचे), 'सोनेरी पाऊस' बघायला. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड, दोन्ही पाण्यासारखी. एकत्र केली की हळदीसारखा गडद पिवळा साका. तो उकळत्या पाण्यात विरघळवला, द्रावण रंगहीन झालं, आणि टेस्ट ट्यूब स्टँडला लावून सगळे गप्प. दोनेक मिनिटांनी मधोमध एक चमक उठली. मग दुसरी. मग सबंध नळीभर षटकोनी पातळ चकत्या फिरत खाली येऊ लागल्या, वळताना झळकायच्या, कडेवर आल्या की नाहीशा. एका मुलीने जरीच्या पदराचं पाणी केलंय म्हटलं. मी तीन वर्षांत चौथ्यांदा पाहतेय, तरी हायपो तसाच ठेवून उभी राहिले.

ते नंतर बेसिनमध्ये ओतायला निघाले होते. शिसं आहे त्यात. मामांनी हात धरला आणि शिशाच्या टाकाऊ द्रावणाची बरणी पुढे केली.

८ ऑगस्ट

पादेलोण तपासलं. चाटवाल्याकडचं काळं मीठ. ते भट्टीत कोळसा, हरडा वगैरे घालून भाजतात, त्यात सल्फाइड तयार होतं, वास त्याचाच. आम्ल घालताच फ्लास्कमधून अंड्याचा दर्प. आयोडीन शून्य. पण इथे 'शून्य' लिहून मोकळं होता येत नाही. म्हणून पादेलोणाच्या द्रावणात आपणच मोजून आयोडेट घातलं, ३.०० मिली यायला हवं इतकं. आलं ०.४०. म्हणजे हायड्रोजन सल्फाइडने सुटलेलं आयोडीन आम्ही मोजायच्या आतच पुन्हा आयोडाइड करून टाकलं. पादेलोणासाठी ही पद्धत चालत नाही, एवढंच लिहायचं. वरण-आमटीतलं मोजायचा विचारही याच कारणाने सोडला. तिथे तर चिंच, गूळ, कोकम, सगळीच क्षपण करणारी मंडळी.

१२ ऑगस्ट

तीन आठवडे. अ ३१.२, ब ३०.७, दोन्ही जवळपास हललेले नाहीत. क चा वरचा थर २५.०. बरणीच्या तळाशी पाणी सुटायला लागलंय. मला वाटलं आयोडीन उडून चाललंय. मॅडमनी फक्त विचारलं, 'आयोडेट उडतं का?' उत्तर शोधून ये म्हणाल्या.

१४ ऑगस्ट

आयोडेट उडत नाही. उडतं आयोडीन, आणि ते आयोडाइडमधून सहज सुटतं. हे डोळ्यांनी पाहायला दोन वॉच ग्लास (काचेच्या उथळ बशा) लावल्या. दोन्हींत शुद्ध सोडियम क्लोराइड, जरा मॅग्नेशियम क्लोराइड (कच्च्या मिठात असतंच), ओल. एकीत एक टक्का पोटॅशियम आयोडाइड, दुसरीत तेवढ्याच आयोडीनचं आयोडेट.

अमेरिकेत मिठात आयोडाइडच घालतात, पण सोबत डेक्स्ट्रोज असतं, ते आयोडाइडला सांभाळतं. मीठही शुद्ध आणि कोरडं. आपल्या दमट हवेत, कच्च्या मिठात आयोडेटच टिकतं. तरी आपल्याकडची सुरुवात आयोडाइड आणि आयोडेट दोन्हींनी झाली हे मला माहीत नव्हतं. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात तीन विभाग केले. एका विभागाला आयोडाइडचं मीठ, एकाला आयोडेटचं, एकाला साधं. आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंड (आयोडीन कमी पडल्याने गळ्याला येणारी सूज) उतरला. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आपल्या लॅबमधली ही दोन शेजारची भांडी तिथे खोऱ्याएवढी होती.

१८ ऑगस्ट

वॉच ग्लास: आयोडाइडवाली कडेला पिवळसर. स्टार्चचा थेंब टाकला, जांभळी झाली. आयोडेटवाली पांढरी ती पांढरीच. तिच्यात आयोडाइड आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर मात्र निळीकाळी.

घरी मावसभाऊ आला होता. बोईसरला नोकरी. प्रोजेक्टचं नाव ऐकून म्हणाला, 'ही तर रेडिएशनची गोळी.' तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून त्याच बाजूला चालू आहे, त्यामुळे तिकडे हे बोलण्यात येतं. खरं आहे, ती गोळी पोटॅशियम आयोडाइडचीच. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडलं तर थायरॉइड ते ओढून घेऊ नये म्हणून आधीच साधं आयोडीन देऊन ग्रंथी भरून टाकायची. चेर्नोबिल झाल्यावर १९८६ मध्ये पोलंडने १ कोटीहून जास्त मुलांना आयोडाइड पाजलं होतं. पण ती ढाल फक्त थायरॉइडपुरती, फक्त आयोडीनपुरती, आणि वेळेवर घेतली तरच. तीही प्रशासनाने सांगितल्यावर, स्वतःच्या मनाने नाही.

तो म्हणाला, मग आपण रोज मीठ खातोच की. हिशेब मांडून दाखवला: मोठ्यांची गोळी १३० मिलिग्रॅमची, त्यात आयोडीन सुमारे १०० मिलिग्रॅम. १५ पीपीएमच्या मिठातून तेवढं मिळवायला साडेसहा किलो मीठ एका बैठकीत खायला हवं. त्याने जेवणात लोणचं घेतलं नाही.

२५ ऑगस्ट

उद्यापासून कुणी लॅबला येणार नाही, परवा गणपती. नमुना क ढवळायचं काम आजीवर सोपवलं. ती म्हणाली, तसंही मी तेच करते.

८ सप्टेंबर

रीडिंग घ्यायचं २ तारखेला होतं, चुकलं. आरत्यांना कारण म्हणता येईल का हे मॅडमना विचारलं नाही. आज ब्लँक पुन्हा घेतली: ०.०५. बाटली टिकून आहे. हायपो पुन्हा स्टँडर्डाइज केला, तो जरासा उतरला होता, म्हणून नवा केला आणि त्याच ताकदीवर आणला.

२३ सप्टेंबर

नऊ आठवडे. शेवटचं रीडिंग. हायपोचा गुणक १०.४० च.

अ (बंद डबा): २.९५ मिली, ३०.७ पीपीएम.
ब (गॅसशेजारी उघडं): २.८५ मिली, २९.६ पीपीएम.

ब ने मला खोटं पाडलं. गॅसजवळचं मीठ सगळ्यात आधी मरेल अशी माझी पैज होती. उष्णतेने ते उलट कोरडं राहिलं आणि आयोडेटला ओट्यावरच्या उबेची फिकीर नाही.

आता क. बरणी तिरपी करून तळाचं पाणी बीकरमध्ये काढलं: ६० ग्रॅम, किंचित गढूळ, बोटाला तेलकट. उरलेलं ओलं मीठ ५०४ ग्रॅम. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग वेगळा घोळवून घेतला.

वरचा: १.७५ मिली, १८.२ पीपीएम.
खालचा: २.८० मिली, २९.१ पीपीएम.
पाणी: ५.३० मिली, ५५.१ पीपीएम.

पार्टनरने पाण्याच्या रीडिंगवर माझ्याकडे पाहिलं, मी पुन्हा केलं, पुन्हा ५.३०. मग हिशेब. सुरुवातीला ५०० ग्रॅममध्ये १५.६ मिलिग्रॅम आयोडीन. आता वर ४.६, खाली ७.३, पाण्यात ३.३. बेरीज १५.२. हरवलेले ०.४ आमच्या हातसफाईच्या चुकांत सहज बसतात. म्हणजे आयोडीन कुठेच गेलं नव्हतं. दमट हवेने मिठाला पाणी सुटलं, आयोडेट त्या पाण्यात विरघळलं आणि पाण्याबरोबर खाली उतरलं. पाचव्या हिश्श्याहून जास्त आयोडीन त्या साठ ग्रॅम पाण्यात बसलं होतं.

आणि त्या पाण्याचं आमच्या घरी काय होतं ते मी जन्मापासून पाहतेय. आजी दर दोन-तीन दिवसांनी मिठाची बरणी मोरीत तिरपी करते, सुटलेलं पाणी निथळून टाकते, वर तांदळाचे चार दाणे पेरते.

२४ सप्टेंबर

टाकाऊ द्रावणं मामांच्या सांगण्याप्रमाणे हायपोने रंगहीन करून मग बेसिनमध्ये. टेबलावरचे तपकिरी डागही हायपोच्या फडक्याने गेले. बोटावरचा एक राहिला, तो चार दिवसांत जाईल. आयोडाइडच्या बाटलीवर चिठ्ठी लावली: उघडली २१ जुलै २०२५, ब्लँक ०.०५ मिली. उरलं ९ ग्रॅम. जुनी पिवळी बाटली मामांनी टाकली नाही, सोनेरी पावसाला चालते म्हणाले.

रात्री आजीला सगळं सांगितलं. पाणी ओतू नकोस, आयोडीन त्यातच जातं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. 'मग काय, ते पाणी आमटीत घालू?'

घाल, म्हटलं. खारटपणा बघून घाल. आणि बरणीला झाकण आणते उद्या.

'झाकण होतं की,' आजी म्हणाली. 'तूच नेलंस ना लॅबला.'